बिनडिंकाचा चुना

संपत गुरुजींच्या घरातली बुरशी आधी सापडली ती चतुराबाईच्या नाकाला. डोळ्यांना ती मागाहून दिसली.

चतुराबाई त्या दिवशी नुसतं घर बघायला आल्या होत्या. परतूरच्या त्या वस्तीत विहाराचं काम जोत्यापर्यंत येऊन थांबलं होतं. त्यामुळे वर्षावासाचं ग्रंथवाचन पावसाळाभर घरोघर पाळीपाळीनं चालायचं, आणि अश्विन पौर्णिमेचा समारोप यंदा गुरुजींच्या घरी ठरला होता. कुणाच्या घरी किती माणसं मावतील, चपला कुठं काढायच्या, खिरीचं पातेलं कोणत्या चुलीवर चढेल हे सगळं चतुराबाई ठरवत. त्यांना या कामावर कुणी नेमलेलं नव्हतं. पण सूर्याला तरी कुणी नेमलंय?

त्या पुढच्या खोलीत सतरंजीवर बसल्या, भिंतीला पाठ टेकली, गुरुजींच्या बायकोनं, कौसल्याबाईनं, दिलेली कपबशी हातात घेतली आणि शिंकल्या. कपातला चहा बशीत आला. दुसऱ्या शिंकेला बशीतला मांडीवर आला. मग त्यांनी कपबशी खाली ठेवली, मागं वळल्या आणि बाजारात खरबूज हुंगतात तशी भिंत हुंगली.

"कौसल्या," त्या म्हणाल्या, "तुझ्या भिंतीला मिसरूड फुटलंय."

सगळ्यांनी पाहिलं. खरंच फुटलं होतं. गोधड्यांची चळत नेहमी जिथं रचलेली असायची, तिच्या मागे, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत काळसर-हिरवी, मखमलीसारखी बुरशी पसरली होती. दाराच्या चौकटीत उभ्या असलेल्या त्यांच्या लेकीला, बेबीनंदाला, तर ती दिसायला चांगलीच वाटली, पण ही वेळ तसं बोलायची नव्हती.

"मला दम्याची खोड हाय," चतुराबाई म्हणाल्या. "पौर्णिमेच्या आधी मी पुन्हा येऊन याच जागी बसते. शिंक न्हाई आली तर बराबर. आली तर कार्यक्रम रामकिसनकडं. त्याच्या भिंती सिमिटाच्या हायेत."

आता हे वाक्य ऐकून कौसल्याबाईला वाईट वाटलं, गुरुजींना अपमान वाटला, पण खरी धास्तावली ती बेबीनंदा. त्याचं कारण असं. ज्याच्या घरी समारोप, त्याच्या घरचं माणूस ग्रंथ वाचणार, हा वस्तीचा रिवाज. आजवर वाचणारे सगळे पुरुष. यंदा बेबीनंदानं, म्हणजे नववीत गेलेल्या, शाळेच्या वक्तृत्वात नुकतंच पहिलं बक्षीस मारून आलेल्या बेबीनंदानं, वडिलांना सरळ सांगितलं होतं की दादा, मी वाचणार. गुरुजी हो म्हणाले होते. चतुराबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघून "आवाज पोचंल का मागच्या बायांपर्यंत?" एवढंच विचारलं होतं. तेव्हापासून पोरगी रोज संध्याकाळी त्याच भिंतीकडे तोंड करून वाचत होती. घरातल्या शेळीनं तो उतारा इतक्यांदा ऐकला होता की पहिल्या ओळीलाच ती उठून बाहेर जायची.

आणि कार्यक्रम रामकिसनकडे गेला तर वाचणार कोण? रामकिसनचा भाचा. त्याचा आवाज रेडिओसारखा होता असं लोक म्हणत, आणि ते खरंही होतं. म्हणजे तो मधूनच जायचा आणि मग नुसती खरखर ऐकू यायची.

तेव्हा बुरशी जायला हवी होती.

"बुरशी म्हणजे घाण नव्हे," त्या संध्याकाळी गुरुजी कंदील भिंतीजवळ धरून म्हणाले. वर्गात बोलायची भाषा ते घरी विज्ञानासाठी राखून ठेवत. "ती एक वनस्पती आहे. तिला ओल लागते, अंधार लागतो आणि खायला लागतं."

"म्हणजे पाव्हणीच की," कौसल्याबाई म्हणाल्या. "मंग जायचं कसं सांगावं तिला, ते बोला."

गुरुजींचा या विषयावरचा अधिकार वादातीत होता. दरवर्षी चौथीच्या वर्गात ते ओल्या भाकरीचा तुकडा झाकणाखाली ठेवून त्यावर बुरशी उगवून दाखवत. परतुरातली अर्धी तरुण पिढी ती भाकरी बघून मोठी झाली होती. नेमकी हीच गोष्ट दुसऱ्या दिवशी अंगावर आली. रामकिसन दवाखान्यात कंपाउंडर होता आणि बोलणं त्याला औषधापेक्षा जास्त येत होतं. तो रस्त्यात सायकल थांबवून म्हणाला, "गुरुजी, शाळेत पाळता तेवढी बस झाली असती. घरी कशाला आणली?"

दुपारपर्यंत हे वाक्य धान्याच्या मोंढ्यात पोचलं. संध्याकाळी एक हमाल गुरुजींना नमस्कार करून "बरी हाय का ती?" असं अदबीनं विचारून गेला.

गुरुजींनी पहिला उपाय केला तो घासलेटचा. बोळा भिजवून त्यांनी अख्खी भिंत पुसली. बुरशी गेली. तिच्या जागी असा वास आला की दोन दिवस कौसल्याबाईनं त्या खोलीत दिवा लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी वास गेला आणि बुरशी परत आली. गावाला जाऊन आल्यासारखी, जरा अंगानं भरलेली.

मग लोक सल्ले द्यायला लागले. आता एक गोष्ट लक्षात घ्या, दुष्काळ सरून दोनच वर्षं झाली होती. त्या वर्षांत भिंतीच काय, माणसंही भेगाळली होती. त्यामुळे ओल ही काही तक्रार करायची गोष्ट आहे हेच लोक विसरून गेले होते. "भिंतीला ओल हाय? नशीब काढलं गुरुजींनी," असं एक म्हातारा खरंच म्हणाला. पण यंदा भादव्यात झड लागली ती अशी की सूर्य कुणाकडे उसना गेलाय हेच कळेना. वरचा झरोका पाऊस येतो म्हणून कौसल्याबाईनं गोणपाटानं बुजवून टाकला होता, आणि घर आतून शिजत होतं.

"कडुलिंबाचा धूर करा," रामकिसननं सांगितलं. "एक घमेलं पाला, थोडे निखारे. बुरशी बसती का बघा मंग."

धूर केला. खरं तर पाला ओला होता, म्हणून धूर जरा सढळ हातानं झाला. घरातली माणसं खोकत अंगणात आली, शेळी त्यांच्याही आधी आली होती, आणि भिंतीच्या पलीकडून आवाज आला, "अगे कौसल्या, घर जल रहा क्या गे?"

पलीकडे सुगराबी राहायच्या. त्यांचे मियाँ स्टेशनवर टांगा चालवायचे. मधली भिंत दोघींच्या मालकीची; इकडून गुरुजींची पुढची खोली, तिकडून सुगराबीचं अंगण. त्या उत्तराची वाट बघणाऱ्या बाई नव्हत्या. भरली घागर उचलून त्या धावत आल्या, धुरात घुसल्या आणि नेम धरून सगळं पाणी भिंतीवर ओतलं. मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, "बुझी क्या?"

"बुझली, भाबी," कौसल्याबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

भिंत आता बुरशी उगवण्याआधी होती त्यापेक्षाही ओली झाली होती. गुरुजी घमेल्याजवळ उकिडवे बसले, आणि विज्ञान त्यांनी त्या दिवसापुरतं मिटून ठेवलं.

शेवटी सगळ्यांचं एकमत झालं ते चुन्यावर. खरवडा, चुना मारा, विषय संपला. पण इथंच खरी गोम होती. भादव्यातच हिवतापवाल्यांनी वस्तीत डीडीटीचा फवारा मारला होता. फवारणारा कचरू पंप पाठीवर घेऊन घरोघर फिरला आणि प्रत्येक घरावर त्यानं गेरूनं तारखेचा शिक्का मारला. बाहेर झड चालू होती, गेरू ओघळत होता, म्हणून गुरुजींच्या घरी त्यानं तो आतल्या भिंतीवर मारला. नेमका याच भिंतीवर. आणि एकदा शिक्का बसला की दिवाळी होऊन जाईपर्यंत भिंत सारवायची नाही, रंगवायची नाही, चुना तर मुळीच नाही, असा नियम.

नियम मोडायला गुरुजींची ना नव्हती, असं आपण समजू. पण त्या नियमाची घोषणा त्यांनीच लिहिली होती. "फवाऱ्याची भिंत राखू या, हिवतापाला हाकू या," असं ओरडत अख्खी शाळा प्रभातफेरीत गावभर फिरली होती, आणि सगळ्यांत पुढे काळा कोट घालून गुरुजी होते.

ते कचेरीत गेले. हिवतापाचे इन्स्पेक्टर अलीमसाहेब उंच, सडपातळ आणि भयंकर शांत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बुरशीला ताप येतो का, गुरुजी?"

"न्हाई."

"मंग ती आमच्या खात्यात येत न्हाई."

"पण चुना लावायचा म्हणजे..."

"चुना येतो आमच्या खात्यात," अलीमसाहेब म्हणाले. "डीडीटी चुन्याखाली दबली की डास भिंतीवर येऊन आरामात बसतो. तुमची घोषणा हाय ना, बहोत खूब हाय. मी बाकीच्या गावांतबी तीच सांगून राह्यलो." मग जरा थांबून, "पौर्णिमेच्या सुमारास आमची तपासणी हाय. तुमच्याकडं मी स्वतः येतो. गुरुजींचं घर म्हणजे नमुन्याचं घर."

गुरुजी घरी आले ते कोट न काढताच पलंगावर बसले. "नमुन्याचं घर," ते दोनदा म्हणाले. बेबीनंदानं त्यांना पाणी दिलं. त्या संध्याकाळी तिनं वाचनाचा सराव केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसल्याबाईनं तिला चटणीसाठी पुदिना आणायला पलीकडे पाठवलं. सुगराबीचा पुदिना म्हणजे वस्तीचं भूषण. कुणाकडे पाहुणा आला, कुणाचं पोट दुखलं, की लोक सुगराबीच्या अंगणात. बेबीनंदा जन्मापासून तिथं जात होती, पण त्या दिवशी ती मूठभर काड्या खुडता खुडता एकदम थांबली. यंदा पुदिना कमरेला लागत होता. भिंतीला बिलगून, दाट, चकचकीत वाढलेला. तिनं हात आत घातला. माती चिखलासारखी होती आणि भिंतीचे दगड घामाघूम झालेले. तिनं मनातल्या मनात भिंतीच्या पलीकडे जाऊन बघितलं. इथं, बरोबर इथंच, पलीकडे गोधड्या.

भांडी धुतलेलं पाणी सुगराबी रोज पुदिन्याला घालत. त्या पाण्याचं काय होतं, हे पुदिना आणि भिंत आपसात ठरवत.

ती धावत घरी आली. "माय, बुरशी पुदिन्यामुळं हाय."

कौसल्याबाईनं आधी दार लोटून घेतलं. "हळू बोल. भाबीला ह्यातलं काहीबी कळायचं न्हाई."

"पण कळल्याशिवाय..."

"तुझ्या वेळंला मला पुदिन्याचे डोहाळे लागल्ते," कौसल्याबाई म्हणाल्या. "उन्हाळा होता. बाजारात मिळंना. तर भाबीनं स्टेशनच्या पलीकडून, कुठूनतरी मुळ्या आणून लावल्या. तुझ्याहून चार महिन्यांनी मोठा हाय तो पुदिना. आता मी कोणत्या तोंडानं सांगू, उपट म्हणून?"

मोठ्या भावाचीच बाजू घेतली जातेय, असं बेबीनंदाला क्षणभर वाटलं.

तरी कौसल्याबाई प्रयत्न करायच्या राहिल्या असं नाही. त्या दुपारी पलीकडे गेल्या. हवापाण्यावर बोलल्या, "भिंती लई ओल धरून राह्यल्या यंदा," असंही म्हणाल्या, आणि पुदिन्याची जुडी घेऊन परत आल्या. संध्याकाळी गुरुजी गेले. त्यांनी टांग्याच्या घोड्याची चौकशी केली, वनस्पतींना उन्हाची गरज असते असं घोड्याकडे बघून सांगितलं, आणि पुदिन्याची जुडी घेऊन परत आले. घरात आता इतका पुदिना झाला होता की चहातही पुदिना पडायला लागला.

बेबीनंदाच्या मनात त्या रात्री काय काय आलं ते सगळं सांगत बसत नाही. पण वक्तृत्वाच्या मंचावर उभं राहून आलेली पोर होती ती. भल्या मोठ्या सभेपुढं बोलता येतं आणि एका सुगराखालापुढं येत नाही, हे तिला पटेना. सकाळी उठून ती थेट पलीकडे गेली.

सुगराबी चुलीपुढं बसल्या होत्या. तिला बघताच म्हणाल्या, "क्या गे, दोन दिवस झाले, तुझं वाचणं बंद. मी इकडं कान लावून बसली. 'हे उपासकांनो'पर्यंत मला पाठ हाय. त्याच्या पुढं काय होतं, ते तर सांगशील?"

झालं. बेबीनंदानं ठरवून आणलेलं छान, मुद्देसूद भाषण तिथंच विरघळलं. तिनं भडाभडा सगळं सांगितलं. चतुराबाईची शिंक, रामकिसनचा भाचा, माय काय म्हणाली आणि काय म्हणू नको म्हणाली, तेही.

सुगराबीनं ऐकलं. मग कपाळावर हात मारला. "अल्ला. आणि मी समजून राह्यली, तुमच्या न्हाणीचं पाणी येतं म्हणून माझा पुदिना असा फोफावला. किती वर्षं मनात म्हणते, कौसल्याच्या घराचा गुण." त्या उठल्या, पदर खोचला. "फावडं आण."

"खाला, पण तो माझ्या..."

"तुझ्या डोहाळ्याचा हाय, माहीत हाय मला. तू शाळेत जाती तर तो गोडेतेलाच्या डब्यात जाईल. बडा हो गया वो भी."

दुपारपर्यंत पुदिना चार डब्यांत बसून अंगणाच्या पलीकडच्या कडेला उन्हात गेला. त्याच वेळी झडही थांबली. हे अगदी योगायोगानं झालं, पण सुगराबीनं ते स्वतःच्या खात्यावर मांडलं. कौसल्याबाईनं झरोक्यातलं गोणपाट काढलं, गोधड्या अंगणात वाळत टाकल्या. गुरुजींनी नाकाला रुमाल बांधला आणि सोड्याच्या गरम पाण्यानं, काथ्यानं घासून भिंत स्वच्छ केली. चार-पाच दिवस वारं आरपार खेळलं. भिंत खडखडीत वाळली. बुरशी जी गेली ती निरोपही न घेता गेली.

चतुराबाई आल्या, त्याच जागी बसल्या, पाठ टेकली. त्यांनी एक अख्खा कप चहा संपवला. वर एक खारी खाल्ली. शिंक नाही.

"बराबर," त्या म्हणाल्या, आणि बेबीनंदा उडी मारणार तेवढ्यात त्या मागं वळल्या. "पण हा डाग?"

बुरशी गेली होती, पण तिची सावली राहिली होती. भलामोठा, काळपट.

"सगळ्या बाया पांढऱ्या लुगड्यात येत्यात. त्यांनी ह्या काळ्याला पाठ टेकायची? कौसल्या, चुना मारून घे. न्हाईतर रामकिसन हायेच."

पौर्णिमेला दोनच दिवस होते.

गुरुजींनी एक दिवस मनाशी भांडण्यात घालवला. मग त्यांनी चुना आणला, पण आपल्याला कायदा माहीत आहे हे भिंतीला कळावं अशा बेतानं. आधी फक्त डागावर चुना मारला. तेवढाच चौकोन चमकायला लागला आणि बाकीची भिंत आजारी दिसायला लागली. मग अख्खी भिंत मारली. शिक्का मात्र त्यांनी सोडला. चारी बाजूंनी ब्रश फिरवून शिक्क्याभोवती ताटाएवढी जुनी भिंत तशीच ठेवली. नव्या कोऱ्या सदऱ्याला जुनं ठिगळ लावावं तशी ती दिसत होती.

"डिंक घातला का चुन्यात?" कौसल्याबाईनं विचारलं.

"मुळीच नाही," गुरुजी म्हणाले. आता त्यांना पुन्हा भाषा सापडली होती. "डिंक म्हणजे बुरशीचं अन्न. इतके दिवस तिला घालवायला घालवले आणि आता पंगत वाढू?"

शास्त्राला धरून बघितलं तर त्यांचं बरोबर होतं. शास्त्र सोडून जगात जे काही आहे, त्याला धरून बघितलं तर मात्र चुन्यात डिंक घालतात. नाहीतर तो अंगाला लागतो.

पौर्णिमेला दुपारीच घर भरलं. बाया पांढऱ्याशुभ्र लुगड्यांत आल्या, भिंतीला ओळीनं पाठी टेकून बसल्या. मधोमध, आपल्या त्याच जागी, चतुराबाई. पुरुष समोरच्या अंगाला. त्यांत रामकिसन, भाच्याला घेऊन, अगदी ऐनवेळी काही लागलं तर. सुगराबी दाराशी. वंदना झाली. मागल्या दारी खीर शिजत होती. बेबीनंदा पांढऱ्या कपड्यानं झाकलेल्या टेबलामागे बसली, ग्रंथ उघडला, आणि पहिल्या ओळीलाच तिचा आवाज मागच्या बायांपर्यंतच काय, मागल्या दारच्या खिरीपर्यंत पोचला. शेळी उठून बाहेर गेली.

अर्धं पान झालं असेल, तेव्हा अंगणात सायकल लागली. दारात खाकी कपडे, काखेत पिशवी, उन्हातून आल्यानं किलकिले डोळे. अलीमसाहेब.

गुरुजींचा चेहरा भिंतीपेक्षा पांढरा झाला.

"बसा साहेब," चतुराबाई हळू आवाजात म्हणाल्या. "वाचन चालू असताना दारात उभं राहत न्हाईत." आणि त्यांनी सरकून शेजारी जागा केली. चतुराबाईंनी जागा केली की बसावंच लागतं, मग तुम्ही कोणत्याही खात्याचे असा. अलीमसाहेब मांडी घालून बसले आणि सावकाश भिंतीला पाठ टेकली. शिक्का बरोबर त्यांच्या डोक्यावर होता.

बेबीनंदा वाचत होती आणि विचारही करत होती. वाचन चालू आहे तोवर कुणी उठणार नाही. कुणी उठलं नाही, तर भिंत कुणी बघणार नाही. वाचन थांबलं की साहेब उठणार, मागं वळणार, आणि गावभर घोषणा देणाऱ्या तिच्या दादांना सगळ्यांपुढं मान खाली घालावी लागणार.

तिचा उतारा पानाच्या शेवटाला संपत होता. ती शेवटाला आली, पान उलटलं आणि पुढं वाचायला लागली.

गुरुजी खाकरले. ती वाचत राहिली. दाराशी सुगराबीचे ओठ आतापर्यंत तिच्याबरोबर हलत होते, ते थांबले. इथून पुढचं त्यांनीही कधी ऐकलेलं नव्हतं. बेबीनंदानंही हे पान आधी वाचलेलं नव्हतं. तरी आवाज अडला नाही. पुढचं पान झालं, त्याच्या पुढचं झालं. एक म्हातारा डोळे मिटून मान डोलवायला लागला. रामकिसनच्या भाच्याचं तोंड उघडं राहिलं. मागल्या दारी खीर आटून घट्ट झाली. साहेबांपासून काहीतरी लपवायचंय म्हणून आपण वाचतोय, हे ती मधल्या दोन पानांत विसरूनच गेली.

"बेबे," शेवटी चतुराबाई म्हणाल्या, "खिरीला सुरी लागंल आता."

"साधू, साधू, साधू," सगळे म्हणाले आणि बाया उठल्या.

मग खिरीकडे निघालेले सगळे जागीच थबकले. कारण भिंत दिसत होती. जिथं जिथं एक बाई बसली होती, तिथं तिथं एक पाठ उमटली होती. रुंद पाठ, अरुंद पाठ, जरा पोक आलेली पाठ; तेवढा तेवढा चुना साफ निघून आला होता आणि खालची जुनी, फवाऱ्याची भिंत बाहेर आली होती. लुगडी पांढरी, चुना पांढरा. बायांच्या अंगावर काही कळत नव्हतं. अलीमसाहेब मात्र बूट घालायला वाकले होते, आणि त्यांच्या खाकी पाठीवर चुन्याचा मोठा थोरला नकाशा होता.

कुणीतरी फुसकन हसलं.

"थांबा साहेब," म्हणून चतुराबाई पुढं झाल्या आणि त्यांनी साहेबांच्या पाठीवर दोन दणके घातले. चुन्याचा ढग उठला. त्या ढगात चतुराबाई शिंकल्या. घर हादरलं. बेबीनंदानं घाईनं रामकिसनच्या भाच्याकडे बघितलं.

चतुराबाईंनी नाक पुसलं आणि रामकिसनकडे बघितलं. "ही चुन्याची हाय," त्या म्हणाल्या. "बुरशीची न्हाई. मोजायची न्हाई."

अलीमसाहेब मान वळवून आधी आपल्या खांद्याकडे बघत होते, मग भिंतीकडे.

"गुरुजी, चुना लावल्ता?"

"लावल्ता," गुरुजी म्हणाले. काळ्या कोटातला तो माणूस एवढासा झाला होता.

"डिंक?"

"घातला न्हाई. डिंकावर बुरशी पोसते."

अलीमसाहेबांनी एका पाठीच्या आकारावरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं. "बसलेल्या माणसाच्या उंचीपर्यंत," ते शांतपणे म्हणाले, "फवाऱ्याची भिंत राखलेली दिसून राह्यली. बराबर हाय. वरच्या भागाचं मात्र मला लिहावं लागंल."

"लगेच लिहायला पाहिजे का?" चतुराबाईंनी विचारलं.

"खीर खाऊन झाल्यावर लिहिलं तरी चालंल."

"मंग बसा. जेवा सावकाश." चतुराबाईंनी वाटी त्यांच्या हातात दिली आणि वळल्या. "चला गं, उभ्या राहा. पाठी लावा. उंच बायांनी शिक्क्याच्या बाजूला. रामकिसन, बघतोस काय, तुझी पाठ काय सिमिटाची हाय? गुरुजी, तुम्हीबी."

"मी कोटात..."

"कोटाला खांदे हायेत ना?"

आणि मग परतूरच्या त्या वस्तीतले सगळे लोक भिंतीला ओळीनं उभे राहिले आणि पाठी घासायला लागले. म्हैस झाडाला घासते तसे, आधी लाजत, मग मन लावून. सुगराबी म्हणाल्या, "तिकडूनबी माझी भिंत हाय, माझाबी हक्क हाय," आणि कौसल्याबाईच्या शेजारी घुसल्या. गुरुजींचा काळा कोट बघता बघता पिकून गेला. अलीमसाहेब खीर खात होते आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

बेबीनंदा टेबलामागे उभी राहून हसत होती. तिनं ग्रंथ मिटायला हात घातला.

"मिटू नको," चतुराबाई पाठ घासता घासता म्हणाल्या. "पुढं वाच. आमचं अजून व्हायचंय."